गॅस ग्रिलच्या गंजलेल्या बर्नर-नळ्या कशा बदलायच्या

ग्रिलची डावी बाजू धगधगते आणि उजवी कोमटच राहते. एरवी निळी असणारी ज्योत पिवळी होऊन लवलवायला लागते. पेटवताना ‘भप्प’ असा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं, तरी मी आधी जाळ्या उचलून बर्नरच्या नळ्या बघतो. आमच्या ग्रिलच्या नळ्या वरून बऱ्या दिसत होत्या, थोड्या तपकिरी झालेल्या, एवढंच. एका नळीच्या पोटाला खालून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं आणि ते सरळ आत गेलं. तिथे धातू उरलाच नव्हता. गंजाचे पापुद्रे नळीचा आकार कसाबसा धरून होते.

नळ्या बदलणं अवघड नाही. पाना-पक्कड वापरायची सवय असलेल्या कुणालाही दोन-तीन तासांत हे काम जमतं. फक्त यात एक जागा अशी आहे, की तिथली चूक वरून बघून कळत नाही आणि ती भोवते आगीच्या रूपात. नळीचं पुढचं तोंड गॅसच्या जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या पितळी टोकावर बसतं, ती ही जागा. जेमतेम दोन बोटं लांबीची. हा लेख मी मुख्यतः तिच्यासाठी लिहितोय.

दोष नळीचाच आहे ना?

सगळे बर्नर सारखेच मंद जळत असतील तर नळ्यांना हात लावण्याआधी सिलिंडरकडे बघा. गॅस अचानक जास्त वाहू लागला तर तो रोखणारी सोय बऱ्याच रेग्युलेटरच्या जोडणीत असते. नॉब उघडे ठेवून सिलिंडर उघडला, किंवा सिलिंडर एकदम झटक्यात उघडला, की ती सोय गळती झाली असं धरून चालते आणि गॅस अगदी थोडाच सोडते. अशा वेळी सगळे नॉब आणि सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढून एखादा मिनिट थांबा, परत जोडा आणि सिलिंडर सावकाश उघडा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम भागतं.

एखादाच बर्नर रुसला असेल तर मात्र नळी किंवा तिचं तोंड. नळीच्या तोंडाशी कोळी जाळं विणतात, आणि हा प्रकार फार सर्रास घडतो. जाळ्यामुळे गॅसला पुढे जायला वाट राहत नाही, तो नळीच्या तोंडाजवळ हवा आत घेण्यासाठी ठेवलेल्या खिडकीतून मागे फिरतो आणि नॉबच्या मागेच पेटतो. त्यामुळे नळी बाहेर काढल्यावर ती फेकायची की साफ करून परत लावायची, हे नीट बघून ठरवा.

माझा हिशोब असा आहे. छिद्रं नुसती बुजली असतील तर साफ करायची. दोन शेजारची छिद्रं गंजून एक झाली असतील, जोडाची शिवण उघडली असेल, पोटाला भोक पडलं असेल, किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा करकरत असेल, तर नळी बदलायची. पुटी भरून, फॉइल गुंडाळून किंवा तार आवळून चालवलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत, आणि तसं कुणीही करू नये असं मला मनापासून वाटतं. मोठ्या भोकातून निघालेली ज्योत खाली तोंड करून जळते. खाली चरबीचा थाळा असतो आणि कित्येक ग्रिलमध्ये गॅसची रबरी नळीही तिथूनच जाते.

स्टेनलेस असूनही गंज का चढतो

हे समजलं की नवीन नळी निवडणं सोपं जातं. गॅस जळताना पाणी तयार होतं. सिलिंडरच्या गॅसमधला एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. ग्रिल थंड असताना पेटवलं की त्यातली काही वाफ थंड पत्र्यावर निवते. वरून मीठ आणि चरबी ठिबकत असते. नंतर ग्रिलवर आच्छादन टाकलं की हा सगळा ओलावा आतच कोंडतो.

पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतं आणि तो थर आतल्या लोखंडाला जपतो. मिठातलं क्लोराइड नेमकं याच थराला जागोजागी टोचतं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि ते चांगलं तग धरतं. ४३० प्रतीत क्रोमियम जवळपास तेवढंच असलं तरी निकेल नसल्यात जमा, म्हणून ती स्वस्त पडते आणि लवकर हार मानते. ओळखायची युक्ती सोपी आहे : चुंबक लावून बघा. ४३० ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ चिकटतच नाही. ३०४ ची नळी जिथे वाकवलेली असते तिथे चुंबक थोडा ओढला जातो, त्यामुळे सरळ भागावर तपासा. पत्र्याची जाडीही बघा. दोन नळ्या हातात घेतल्या की जड कोणती ते लगेच कळतं, आणि मी जड असलेलीच घेतो.

नवीन नळी घेण्याआधीची मापं

ग्रिलच्या मॉडेलचा नंबर बहुधा कपाटाच्या दाराच्या आत, मागच्या पत्र्यावर किंवा एका बाजूच्या पट्टीवर असतो. त्या नंबराने मिळणारी नळी सगळ्यांत बरी. ती मिळत नसेल तर कमी-जास्त लांबीची करता येणारी सर्वसाधारण नळी चालते, पण मापं काटेकोर घ्यायला हवीत.

एक जुनी नळी बाहेर काढून समोर ठेवा. पूर्ण लांबी घ्या. तोंडाचा आतला व्यास आणि नळीचा बाहेरचा व्यास घ्या. पुढचं टोक सरळ आहे की वाकडं, ते बघा. मागच्या टोकाला पिनेचं भोक आहे, खाच आहे की जीभ, आणि ती टोकापासून किती अंतरावर आहे, हे लिहून ठेवा. छिद्रं वरच्या बाजूला आहेत की कडेला, हे फोटोत स्पष्ट दिसू द्या. कडेला छिद्रं असलेल्या नळीच्या जागी वरच्या छिद्रांची नळी बसवली तर ज्योत वरच्या पत्र्यावर आपटते आणि आच वेगळ्याच जागी जाते. ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी नळीला कुठे टेकते, तेही मोजून ठेवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमचं ग्रिल सिलिंडरवर चालतं की पाइपच्या नैसर्गिक गॅसवर, त्याप्रमाणे जेटचं भोक लहान-मोठं असतं. नैसर्गिक गॅसचा दाब कमी आणि त्यातली ऊर्जाही कमी, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं. नळी बदलताना जेटला हात लावायचा नाही. नव्या संचात जेट आले असले तरी ते तुमच्या गॅसचेच आहेत याची खात्री झाल्याशिवाय बसवू नका.

सोडवताना

आधी सिलिंडर बंद करा. मग एखादा बर्नर पेटवून पाइपात अडकलेला गॅस जळू द्या. ज्योत विझली की सगळे नॉब बंद करा, सिलिंडर सोडवून बाजूला उघड्यावर उभा ठेवा. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. ग्रिल पूर्ण थंड होऊ द्या. हातमोजे आणि चश्मा हवाच, आणि खरवडताना तोंडावर मास्कही लावा, कारण गंजाची पूड नाका-डोळ्यांत जाते.

एकेक भाग उचलण्याआधी त्याचा फोटो काढा. जाळ्या काढा, त्यांच्याखालच्या उलट्या ‘व्ही’ आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या काढा. या पट्ट्यांना भोकं पडली असतील तर त्याही याच वेळी बदला, नाहीतर चरबी थेट नव्या नळीवर पडत राहील. मग आडवी ज्योत-पट्टी सोडवा आणि ठिणगीच्या इलेक्ट्रोडची वायर हलक्या हाताने काढा. इलेक्ट्रोडची पांढरी चिनी मातीची नळी ठिसूळ असते. तिला पकडीत धरू नका.

आता नळीचं मागचं टोक. पिन असेल तर ती सरळ करून पकडीने ओढायची. स्क्रू असेल तर खरी कसोटी इथेच लागते, कारण तो गंजून नळीशी एकजीव झालेला असतो. घाईने जोर लावलात की डोकं तुटतं. गंज सोडवणारं तेल मुळाशी मारा आणि जमलं तर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीच्या दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. त्याने गंजाची पकड ढिली होते. मग सोडवायच्या आधी थोडा आवळायच्या दिशेने फिरवा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की तो सुटला. मग मागे फिरवा, परत थोडा पुढे, परत मागे, असं करत बाहेर काढा. डोकं षटकोनी असेल तर सहा बाजूंचा सॉकेट पाना वापरा. बारा बाजूंचा पाना गंजलेल्या कडा गोल करून टाकतो. डोकं तुटलंच तर स्क्रूच्या मधोमध सेंटर पंचाने खूण करा, बारीक ड्रिलपासून सुरुवात करून हळूहळू मोठं ड्रिल घ्या आणि नवीन स्क्रू स्टेनलेसचा लावा. ब्लो-टॉर्चच्या ज्योतीने तापवून सोडवायचा मोह आवरा. ते तेल पेट घेतं, आणि जवळच गॅसचे व्हॉल्व्ह असतात.

मागचं टोक सुटलं की ते थोडं उचला आणि नळी मागे सरकवा. पुढचं तोंड जेटवरून आपोआप निघतं. निघाली नाही तर मुरगळू नका, आधी उरलेला स्क्रू शोधा.

रिकामं पोट

नळ्या काढल्यावर ग्रिलचा आतला भाग इतका मोकळा पुन्हा कधी मिळणार नाही. खालची काजळी आणि चरबी प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी उलथन्याने खरवडून काढा आणि चरबीचा थाळा धुऊन टाका. गंज सोडवायला मारलेलं तेल कापडाने पुसून साबणाच्या पाण्याने धुवा.

समोर पितळेचे जेट दिसतील. विजेरी घेऊन प्रत्येकाच्या भोकात डोकावून बघा. आतलं भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका. सुई किंवा तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक जरा जरी मोठं झालं तरी त्या बर्नरला कायमचा जास्त गॅस जातो.

बसवताना : ती दोन बोटं जागा

नवीन नळी आणि जुनी नळी शेजारी-शेजारी ठेवून एकदा शेवटचं ताडून पाहा. नव्या नळीच्या तोंडात प्लॅस्टिकची टोपी किंवा पॅकिंगचा कागद अडकलेला नाही ना, तेही बघा. मग तिरकी धरून पुढचं तोंड समोरच्या भोकातून पुढे सरकवा, म्हणजे जेटचं टोक नळीच्या तोंडाच्या आत येईल. त्यानंतर मागचं टोक खाली बसवा.

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा चारांपैकी तीन नळ्या बरोबर बसल्या होत्या. चौथीच्या तोंडात जेट शिरलाच नव्हता, तोंड नुसतं जेटच्या डोक्यावर टेकलं होतं. वरून चारही नळ्या एका ओळीत, दिसायला छान. साबणाच्या पाण्याने गळती तपासली, एक बुडबुडा आला नाही. मी निर्धास्त होऊन चौथा नॉब फिरवला, आणि दोन-तीन सेकंदांत नॉबच्या मागच्या फटीतून ज्योत बाहेर आली. हाताला झळ लागली ती आजही आठवते. धावत जाऊन सिलिंडर बंद केला म्हणून निभावलं.

साबणाच्या पाण्याने ते का कळलं नाही, हे नीट समजून घ्या. ती चाचणी नॉब बंद ठेवून करतात. त्यामुळे गॅस सिलिंडरपासून व्हॉल्व्हपर्यंतच येतो. व्हॉल्व्हच्या पुढे, जेट आणि नळी जिथे भेटतात, तिथला जोड मुळात हवाबंद नसतोच. जेटमधून गॅस वेगाने सुटतो, तोंडाजवळच्या खिडकीतून हवा ओढून घेतो, आणि दोघं नळीत मिसळून पुढे जातात. म्हणूनच जेट नळीच्या आत आणि सरळ रेषेत असणं एवढाच तिथला बंदोबस्त असतो. तो डोळ्यांनीच तपासावा लागतो.

प्रत्येक नळीसाठी मी आता असं करतो : लहान आरसा आणि विजेरी घेऊन खालून किंवा बाजूने तोंडाकडे बघतो. हवेच्या खिडकीतून जेटचं पितळी टोक नळीच्या आत दिसलं पाहिजे, आणि ते मधोमध हवं, एका बाजूला टेकलेलं नको. मग नळी दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवतो. जेटवर बसलेली नळी पुढच्या बाजूला जागा सोडत नाही. नुसती टेकलेली नळी लगेच घसरते.

मागचं टोक मात्र घट्ट आवळायचं नाही. तापल्यावर नळी लांब होते. ३०४ स्टीलची ४५ सेंटिमीटरची नळी ४०० अंश सेल्सिअसने तापली तर साधारण ३ मिलिमीटर वाढते. म्हणून मागे भोकाऐवजी लांबट खाच असते, किंवा पिन सैल असते. तिथे स्क्रू करकचून आवळला तर नळीला वाढायला जागा उरत नाही, ती मध्येच कमान धरते आणि पुढचं तोंड जेटवरून सरकतं. स्क्रू नळी डगमगणार नाही इतपतच आवळा, पण ती मागे-पुढे सरकायला हवी.

ज्योत-पट्टी परत लावा, मग इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोडचं टोक आणि नळी यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि टोक छिद्रांच्या जवळ असू द्या. गॅस बंद असताना, अंधारात बटण दाबून बघा. निळी ठिणगी टोकावरून नळीवर उडायला हवी. चिनी मातीच्या मधूनच उडत असेल तर तिला तडा गेलाय, इलेक्ट्रोड बदला.

गळती, मग आग

सिलिंडर जोडा. भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी समसमान घेऊन फेसाळ मिश्रण करा. सगळे नॉब बंद आहेत हे बघा आणि सिलिंडर सावकाश उघडा. रेग्युलेटरचा जोड, रबरी नळीची दोन्ही टोकं, आणि व्हॉल्व्ह ज्या आडव्या पाइपावर बसले आहेत तिथले सगळे जोड ब्रशने माखा. बुडबुडा फुगत राहिला तर गॅस बंद करून जोड आवळा आणि परत तपासा. गळती व्हॉल्व्हच्या अंगातूनच येत असेल तर ते काम जाणकार मेकॅनिककडे द्या. काडी पेटवून गळती कधीही शोधू नका.

पेटवताना झाकण उघडं असू द्या. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, बंद पेटीत तळाशी साठतो. एका वेळी एकच बर्नर पेटवा. पाच सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. पहिली दोन मिनिटं नॉबच्या पट्टीजवळ वाकून बघत राहा. ज्योत फक्त छिद्रांवर असली पाहिजे.

ज्योत निळी, स्थिर आणि नळीच्या सगळ्या लांबीवर सारखी हवी. टोकाला थोडी पिवळी छटा चालते. सगळी ज्योत पिवळी आणि आळसावलेली असेल तर हवा कमी पडतेय, खिडकीवरचं शटर थोडं उघडा. ज्योत नळीपासून उचलली जात असेल आणि घोंघावत असेल तर हवा जास्त झालीय, शटर थोडं मिटा. ग्रिल बंद करून थंड होऊ द्यायचं आणि मगच स्क्रू सैल करून शटर केसभर सरकवायचं. दर खेपेला असं थांबणं कंटाळवाणं वाटेल, पण तापलेल्या पत्र्यात हात घालून शटर लावू नका.

सगळं जमलं की पट्ट्या आणि जाळ्या बसवून पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर चालू ठेवा. नव्या नळीवरचं कारखान्यातलं तेल जळून जाईल, धूर आणि वास येईल. नळ्या सोनेरी, मग जांभळ्या-निळ्या दिसायला लागल्या तर घाबरू नका. ऑक्साइडचा थर तापून जाड झाला की असे रंग दिसतात.

पुढे टिकण्यासाठी

वापरून झाल्यावर आच्छादन टाकण्याआधी ग्रिल थंड आणि कोरडं होऊ द्या. वर्षातून दोनदा, आणि बरेच महिने वापर नसेल तर पेटवण्याआधी, नळ्या काढून तोंडं बघा. छिद्रं साफ करताना ब्रश नळीच्या आडवा फिरवा, लांबीने नाही. लांबीने फिरवलेला ब्रश एका छिद्रातली घाण पुढच्या छिद्रात लोटतो. ब्रश स्टेनलेसच्या तारांचाच घ्या. साध्या लोखंडी तारांचे कण नळीत रुततात आणि तिथूनच नवा गंज धरतो. बुजलेलं छिद्र उघडायला कागदाची क्लिप सरळ करून वापरा आणि भोक मोठं होऊ देऊ नका.

जुन्या नळ्यांपैकी जी सर्वांत धड असेल ती मी फेकत नाही. तिच्या अंगावर मार्करने लांबी, व्यास आणि मागच्या खाचेचं अंतर लिहून ती ग्रिलच्या कपाटात ठेवून देतो. पुढच्या खेपेला चालू ग्रिल न उघडता नव्या नळीचं माप तिच्यावरूनच मिळतं.